लाभार्थी क्रमांक एक

मंगळवार पेठेतल्या नवप्रभात सार्वजनिक वाचनालयात दोन हजार एक साली माहिती केंद्र सुरू झालं. उद्घाटन रीतसर पार पडलं. फीत कापली गेली, नारळ फुटला, संगणकाला हार घालून त्याचा फोटो काढण्यात आला आणि लगेच त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर चढवण्यात आलं. पेठेतल्या जनतेला इंटरनेटद्वारे जगाशी जोडणं हा सदर केंद्राचा उद्देश होता. पुढची दोन वर्षं जनता आणि जग दोन्ही आपापल्या जागी सुखरूप राहिली. याची संपूर्ण जबाबदारी ग्रंथपाल तथा प्रभारी माहिती अधिकारी या नात्याने माझ्यावर होती, आणि ती मी समर्थपणे पेलली.

मी या विषयातला अगदीच अडाणी नव्हतो. तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्यातला पहिला दिवस स्वागतात आणि तिसरा प्रमाणपत्र वाटपात गेला असला तरी मधला एक दिवस उरतोच. त्या दिवशी मी शिकलो की संगणकाला मॉडेम नावाचा एक डबा जोडलेला असतो, तो डबा टेलिफोनच्या तारेवरून नंबर फिरवतो, थोडा वेळ किंचाळतो, आणि मग इंटरनेट लागतं. आणखी एक गोष्ट शिकलो. एका तारेवर एका वेळी एकच काम होतं. कोणी फोनवर बोलत असेल तर मॉडेमला नंबर फिरवता येत नाही.

आता आमच्या टेलिफोनविषयी. ज्या काळात फोनसाठी माणसं वर्षानुवर्षं रांगेत असायची त्या काळात आमचे अध्यक्ष हंबीररावसाहेब यांनी वजन वापरून दोन महिन्यांत वाचनालयाला फोन आणून दिला. कार्यकारिणीने कृतज्ञतेपोटी एकमताने ठराव केला की त्याच तारेवरचं दुसरं यंत्र बोळापलीकडे अध्यक्षांच्या घरी बसवावं. याला टेलिफोनच्या भाषेत पॅरलल म्हणतात. आमच्याकडे त्याला मान म्हणतात. अध्यक्षांच्या पत्नी संयोगिता वहिनीसाहेब सकाळी अकराला स्वयंपाकघर आवरून त्या फोनजवळ बसत, आणि कोडोलीला दिलेल्या धाकट्या बहिणीशी बोलू लागत. वाचनालयाची वेळही अकरा ते पाच हीच होती, आणि त्याआधी कुलूप काढण्याची नियमात तरतूद नव्हती.

तेव्हा दोष कुठे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे काही रहस्य उलगडणार आहे अशा आशेने कोणी वाचू नये. मलाच नव्हे, सगळ्यांना माहीत होतं. अडचण एवढीच होती की ‘वहिनीसाहेबांनी फोन ठेवावा’ हे वाक्य कोणत्याही नोंदवहीत, ठरावात किंवा तोंडात बसत नव्हतं. त्यामुळे दोष दुसरीकडे शोधणं क्रमप्राप्त होतं, आणि त्या शोधाला मी दोन वर्षं दिली.

प्रथम कळंब्याच्या ऋतुराजला बोलावलं. त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं आणि हात चांगला होता. पडद्यावर ‘डायल टोन मिळत नाही’ असा संदेश आला होता. तो वाचून त्याने विचारलं, ह्या लाइनवर आणखी कोण हाय काय? मी खिडकीकडे बघितलं. त्यानेही बघितलं. समोरच्या गॅलरीत वहिनीसाहेब कानाला रिसीव्हर लावून शेंगा सोलत होत्या. मग ऋतुराजने संगणकातलं सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं. त्या वर्षात त्याने ते पाच वेळा टाकलं. दर वेळी संगणक कोरा करकरीत होत असे आणि दर वेळी पहिला संदेश तोच येत असे.

मग टेलिफोन खात्याचा लाइनमन जोतीराम आला. तो खांबावर चढला, उतरला, चहा प्यायला आणि पावतीवर लिहू लागला : ‘ग्राहकाचे जागी दुसरे उपकरण वापरात असल्याने.’ एवढं लिहून त्याने मला विचारलं की दुसरं यंत्र कुणाकडं हाय. मी नाव घेतलं नाही, नुसती हनुवटी हलवली. जोतीरामची बदली गडहिंग्लजहून शहरात कोणी करून दिली होती हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. त्याने लिहिलेलं खोडलं आणि त्याखाली एकच शब्द लिहिला : ‘हवामान.’

“हवेचं हाय हे, सर,” तो म्हणाला. “ह्याला कोण काय करणार?”

ती पावती मी फाइलला लावली. त्यानंतर आमच्या कार्यकारिणीतले उत्साही सदस्य आदर्श यांनी संगणकाचं तोंड दक्षिणेला असल्याचं लक्षात आणून दिलं. ते पूर्वेला वळवलं. पूर्वेला खिडकी होती आणि खिडकीत वहिनीसाहेब, त्यामुळे पुन्हा उत्तरेला वळवलं. या सगळ्या कालावधीत मॉडेम फक्त दोनदा लागला. दोन्ही वेळा वहिनीसाहेब हळदीकुंकवाला गेल्या होत्या. दुर्दैवाने दुसऱ्या वेळी त्या लवकर परतल्या, त्यांनी फोन उचलला आणि त्यांच्या कानात मॉडेम किंचाळला. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. फोनमध्ये कायतरी वरडतंय म्हणं, बघा की जरा, असं ते म्हणाले. मी बघतो म्हणालो. तेव्हापासून फोनला त्रास नको म्हणून अकरा ते पाच मॉडेमचं बटण बंद ठेवण्याची पद्धत पडली. फोन लागत नाही म्हणून केंद्र बंद, आणि केंद्रामुळे फोन बिघडू नये म्हणूनही केंद्र बंद, अशी दुहेरी व्यवस्था झाली. दोन्ही नोंदी माझ्याच हस्ताक्षरात आहेत.

असं सगळं सुरळीत चालू असताना वरून पत्र आलं. ‘आपल्या केंद्राच्या अहवालात लाभार्थी या रकान्यात सलग आठ तिमाही शून्य दर्शविले आहे. चालू महिनाअखेर किमान एक लाभार्थी न दर्शविल्यास केंद्र बंद करून संगणक परत घेण्यात येईल.’ संगणक जाण्याचं मला दुःख नव्हतं. पण माझ्या टेबलावर ‘प्रभारी माहिती अधिकारी’ अशी पितळेची पाटी होती. ती उचलली असती तर खाली नुसता ग्रंथपाल उरला असता, आणि ग्रंथपालाला पेठेत कोण विचारतो?

त्याच आठवड्यात, बुधवारी, शिफा आली.

शिफा ही लालासाबांची मुलगी. लालासाब तीस वर्षं आमच्या वाचनालयाची पुस्तकं बांधत होते. मागच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं, आणि शिफा लहानपणापासून तिथे खळीच्या भांड्याशेजारी बसून मोठी झाली होती. फाटलेलं पान ती असं जोडायची की जोड कुठे आहे ते बोट फिरवून शोधावं लागे. तिने बंगळूरच्या एका संस्थेत जुने कागद आणि हस्तलिखितं जतन करण्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केला होता. साऱ्या देशातून सोळा मुलं घेणार होते. शिफा प्रतीक्षायादीत पहिली होती, आणि आता एक जागा रिकामी झाली होती. तसं इंग्रजी पत्र घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

पत्रात लिहिलं होतं की उमेदवाराने शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत ई-मेलने संमती कळवावी. त्यानंतर जागा पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. दूरध्वनी, तार किंवा समक्ष विनंती ग्राह्य धरली जाणार नाही.

शिफाने ई-मेलचा मजकूर वहीत लिहून आणला होता. चार ओळी होत्या, एकही चूक नव्हती. ती म्हणाली की मिरजकर तिकटीजवळ सायबर कॅफे आहे, तिथून ती पाठवणारच होती, फक्त मजकूर मी एकदा बघावा. मी मजकूर बघितला. मग तिच्याकडे बघितलं, आणि मला तिच्या जागी एक आकडा दिसला.

“आपलं केंद्र असताना कॅफे कशाला?” मी म्हणालो.

मग मी बरंच बोललो. कॅफेतल्या वातावरणाविषयी बोललो, तिथल्या संगणकांना होणाऱ्या रोगांविषयी बोललो, आणि मान्यताप्राप्त केंद्रातून गेलेल्या ई-मेलला पलीकडे जो मान मिळतो त्याविषयी तर मी इतकं बोललो की मलाच खरं वाटू लागलं. शिफाला पटलं नव्हतं. पण लालासाब दारात उभे होते. त्यांनी आयुष्यभर शिक्क्याच्या कागदांना पुठ्ठे लावले होते, त्यामुळे शिक्क्यावर त्यांचा विश्वास होता. सर म्हणत्यात तर हितनंच धाडू, असं ते मुलीला म्हणाले. ती दोघं गेल्यावर मी अहवालाची वही उघडली आणि पेन्सिलीने लिहून ठेवलं : लाभार्थी क्र. १.

गुरुवारी मॉडेमचं बटण चालू केलं आणि अकरापासून प्रयत्न आरंभले. डायल टोन मिळत नाही. साडेअकराला नाही, बाराला नाही. कोडोलीच्या बहिणीची मुलगी स्वप्नाली हिला स्थळ सांगून आलं होतं, आणि तो विषय एका बैठकीत संपणारा नव्हता. दुपारी मी तातडीची दोषनिवारण उपसमिती बोलावली. अध्यक्षस्थानी प्रघातानुसार हंबीररावसाहेब होते.

हंबीररावांविषयी एक सांगायला हवं. माणूस मनाने मोठा. शिफाचं पत्र त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, आपल्या पेठेतली पोरगी बंगळूरला जाणार म्हणून त्यांचा चेहरा खुलला, आणि त्यांनी विचारलं की अडचण नेमकी कशाची आहे. आम्ही पाच सदस्य होतो. एकजण हवामान म्हणाला. दुसऱ्याने पिठाच्या गिरणीचं नाव घेतलं, कारण मोटारीमुळे तारेत खरखर येते असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. तिसऱ्याने वेल्डिंगचं दुकान जोडलं. चौथे आदर्श. त्यांनी तालमीचा भोंगा, झेरॉक्सचं यंत्र आणि शिंप्यांच्या विजेवर चालणाऱ्या शिलाई मशिनी अशी यादीच आणली होती. पाचवा मी. सर्व मुद्दे विचारार्ह आहेत असं मी म्हणालो.

“लागंल ते करा,” हंबीरराव म्हणाले. “सगळं बंद ठेवा उद्या. पोरीचं काम झालं पायजे. आणि माझ्याकडनं काय लागलं तर सांगा, लाजू नका.”

पाचही सदस्यांनी आपापल्या गुडघ्यांकडे बघितलं. अध्यक्षांकडून आभारापलीकडे काही अपेक्षित नसल्याची नोंद मी इतिवृत्तात केली.

शुक्रवारी सकाळी पेठेत पत्रकं वाटली गेली. दुपारी एक ते पाच गिरणी बंद, वेल्डिंग बंद, झेरॉक्स बंद. शिंप्यांनी कामं बाजूला ठेवली. तालमीच्या पोरांनी भोंगा उतरवून कोपऱ्यात ठेवला. आदर्श घरोघर जाऊन सांगून आले की शक्यतो दुपारी कुकर लावू नयेत, शिट्टीचा काही भरवसा देता येत नाही. कोणी तक्रार केली नाही. लालासाबांच्या पोरीचं काम म्हटल्यावर सगळ्यांनी मनापासून सहकार्य केलं, आणि गिरणीसमोर डबे घेऊन उभ्या राहिलेल्या बायका हसत परत गेल्या. इतकी माणसं इतक्या प्रेमाने एका चुकीच्या कामाला लागलेली मी तरी पूर्वी पाहिली नव्हती.

तीन वाजता वाचनालयात वीसेक माणसं जमली होती. पेठेत एवढी शांतता कर्फ्यूतसुद्धा झाली नसेल. आणि त्या शांततेत, बोळापलीकडून, प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू येऊ लागलं.

“अगं पोरगा बरा हाय गं. पर त्येची आय लई बोलती म्हणं. बोलणाऱ्या बाईच्या हाताखाली आपली पोर कशी नांदायची?”

वीस माणसांनी ते ऐकलं. वीस माणसं पडद्याकडे बघत राहिली. मी मॉडेमला नंबर फिरवायला लावला. डायल टोन मिळत नाही.

“हवामानच असणार,” आदर्श म्हणाले, आणि दोघातिघांनी माना डोलावल्या.

शिफा खुर्चीच्या टोकावर बसली होती. तिने कोणाकडे न बघता खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. सव्वाचार वाजले होते. ती हळू आवाजात म्हणाली की ती कॅफेत जाऊन येते, जायला दहा मिनिटं लागतात, अजून वेळ आहे. मी वहीतल्या पेन्सिलीच्या ओळीकडे बघितलं. एवढी पेठ बंद ठेवून शेवटी लाभार्थी कॅफेत गेली असती तर मी काय लिहिलं असतं?

“थांब,” मी म्हणालो. “मीच जाऊन सांगतो वहिनीसाहेबांना.”

ते शब्द माझ्या तोंडून गेले तसे वाचनालयातले सगळे माझ्याकडे वळले. काहींनी श्वास सोडला. दोन वर्षांत प्रथमच कोणीतरी ते म्हणालं होतं. शिफाने फक्त एवढंच विचारलं, “नक्की सांगाल न्हवं, सर?” मी हो म्हणालो. खरं सांगतो, त्या क्षणी माझी छाती फुगली होती.

बोळ सात पावलांचा. त्या सात पावलांत मी वाक्य जुळवलं : वहिनीसाहेब, माफ करा, शिफाचा ई-मेल जायचा आहे, तेवढी दहा मिनिटं फोन ठेवता का? सोपं वाक्य होतं. मी जिना चढलो. वहिनीसाहेबांनी मला पाहिलं, बहिणीला थांब गं म्हणाल्या, रिसीव्हर छातीशी धरला आणि तोंडभर हसल्या.

“या की सर. आज वाट चुकलासा व्हय? बसा. काय काम काढलंसा?”

याहून चांगली संधी कोणत्याही भित्र्या माणसाला मिळाली नसेल. फोन त्यांच्या हातात होता, खाली ठेवायला एक वीत अंतर होतं. मी तोंड उघडलं. समोर भिंतीवर हंबीररावांचा सत्कार स्वीकारतानाचा फोटो होता, त्यात मागच्या रांगेत मीही होतो. माझं प्रभारीपद त्यांच्या सहीचं होतं. मला भीती वाटली. कशाची, ते आजही नीट सांगता येत नाही. त्या बाई मला कधी वावगा शब्द बोलल्या नव्हत्या.

“काही नाही,” मी म्हणालो. “सहज आलो होतो. तब्येत कशी आहे?”

तब्येत उत्तम होती. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही असं त्यांनी बजावलं, आतून चहा आला, सोबत चिवडा आला, आणि मी पाहुण्यासारखा खाली मान घालून तो खात असताना त्या पुन्हा स्वप्नालीच्या होणाऱ्या सासूकडे वळल्या. भिंतीवरचं घड्याळ मला सरळ दिसत होतं. चहा गरम होता म्हणून मी बशीत ओतून प्यायलो, म्हणजे लवकर संपेल. घाई होती ना.

मी परत आलो तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. सगळे उभे राहिले. शिफाने विचारलं, “सांगितलं?”

मी सांगितलं नव्हतं एवढंच कबूल केलं असतं तरी चाललं असतं. ती पळत कॅफेत गेली असती, दहा मिनिटांत पोचली असती. पण समोर वीस माणसं होती.

“सांगितलं,” मी म्हणालो. “ठेवतायत. दोन मिनिटांत ठेवतायत.”

तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि खाली बसली. मला त्या वेळी लाज वाटली, आणि ती लिहून दाखवण्यात काही मोठेपणा नाही, कारण त्या लाजेने मी जागचा हललो नाही. पावणेपाच झाले. शिफा पडद्याकडे बघत होती आणि लालासाब तिच्याकडे. पाचला पाच कमी असताना ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. आता कॅफे गाठणं शक्य नव्हतं. पाच वाजले तेव्हा कोणी घड्याळाकडे बघितलं नाही. बोळापलीकडून वहिनीसाहेब सांगत होत्या की साखरपुडा दिवाळीनंतरच बरा.

पाच वाजून बारा मिनिटांनी दूधवाला आला आणि वहिनीसाहेबांनी फोन ठेवला. मॉडेमने नंबर फिरवला, किंचाळला, खरखरला आणि लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आदर्श यांनी पेढे आणून ठेवलेच होते. पाच वाजून एकोणीस मिनिटांनी शिफाच्या चार ओळी बंगळूरला गेल्या. पेढा तिने हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला. लालासाब मला म्हणाले, “तुमी लई केलं, सर.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला त्या रात्री झोप आली असती.

सोमवारी वहिनीसाहेबांनी फोन ठेवल्यावर मॉडेम लागला आणि उत्तर आलं. संस्थेला खेद होता. विहित मुदतीत संमती न मिळाल्याने जागा पुढील उमेदवारास देण्यात आली होती, तसेच वयाची अट पाहता पुढील वर्षी आपला अर्ज विचारात घेता येणार नव्हता. मी त्याची प्रत काढून शिफाला दिली. तिने ती घडी न घालता नेली. दुसरी प्रत फाइलला लावताना माझ्या लक्षात आलं की केंद्राला बाहेरून ई-मेल येण्याचाही हा पहिलाच प्रसंग आहे. अहवालात मी पेन्सिलीच्या जागी शाई वापरली : लाभार्थी, एक. पाठविलेले ई-मेल, एक. प्राप्त ई-मेल, एक. यशाचे प्रमाण, शंभर टक्के. अहवालाला पुठ्ठा लावायला नेहमीप्रमाणे लालासाबांच्या दुकानात दिला. शिवण शिफाचीच होती, मी ओळखली. एक टाकाही वाकडा नव्हता.

वरचे लोक अहवालावर खूश झाले. जिल्ह्यात शंभर टक्के यश मिळवणारं दुसरं केंद्र नव्हतं. केंद्र चालू राहिलंच, शिवाय एक अभिनंदनाचं पत्र आलं आणि त्यात सूचना होती की पहिल्या लाभार्थीचा जाहीर सत्कार करावा. कार्यकारिणीने ती एकमताने मान्य केली. शाल आणि श्रीफळ संयोगिता वहिनीसाहेबांच्या हस्ते द्यावं, असं सुचवणारा मीच होतो. सवय, दुसरं काय.

कार्यक्रमाला दोनशे माणसं होती. गिरणीवाले, शिंपी, तालमीची पोरं, सगळे आले होते, कारण त्या शुक्रवारी सगळ्यांनी झीज सोसली होती. शिफा येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली. वहिनीसाहेबांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, गालावरून हात फिरवला. मी आभार मानायला माइक हातात घेतला तोच हंबीरराव म्हणाले की पोरीला बोलू द्या की दोन शब्द. मी माइक दिला.

शिफा सभेशी बोललीच नाही. ती शेजारी उभ्या असलेल्या वहिनीसाहेबांकडे वळली. माइक तोंडासमोर होता एवढंच.

“काकी, मला जागा मिळाली न्हाय. त्या शुक्रवारी तुमचा फोन चालू हुता, म्हणून आमचा लागला न्हाय. पाचच्या आत धा मिनिटं ठेवला असता तर मी बंगळूरला असते.”

हंबीरराव बायकोकडे बघू लागले. मी जमिनीकडे बघत राहिलो आणि वाट पाहिली की आता काहीतरी कोसळेल. दोन वर्षं ज्याला भीत होतो ते आता होणार होतं.

वहिनीसाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी शिफाचा हात धरला.

“अगं माझे बाई. मग सांगायचं न्हाईस व्हय? तवाच ठेवला असता की मी. पोरीपरीस का बोलणं मोठं हाय माझं? कुणी एका शब्दानं बोललं न्हाय मला.” मग त्या माझ्याकडे वळल्या. रागाने नव्हे, खरोखर न समजून. “सर तर त्या दिवशी घरात आलते. च्या पिऊन गेले.”

शिफाने माझ्याकडे बघितलं. तिला ते तेव्हा कळलं. तिने शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि ती पायऱ्या उतरून लालासाबांपाशी गेली. दोघं सभागृहाबाहेर पडेपर्यंत दोनशे माणसांनी वाट करून दिली. मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि काय करावं ते न सुचल्याने सगळ्यांनीच वाजवली. मी पुढचा कार्यक्रम जाहीर केला. अल्पोपाहार होता.

हे वाचून तुम्हाला माझा राग आला असेल तर तो योग्य आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की उद्या सकाळी तुम्ही जिथे कुठे जाल, कचेरीत, सोसायटीत, संस्थेत, तिथेही कोणत्या तरी एका माणसापायी सगळं अडलेलं असेल, तो माणूस कोण हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक असेल, आणि त्यालाच तेवढं ठाऊक नसेल. तुम्ही त्याच्या दारात जाऊन ठणकावून सांगणार आहात याविषयी मला शंका नाही. मीसुद्धा वाक्य पाठ करूनच जिना चढलो होतो.